घराचे छप्पर निवडताना: कौले की पत्रा, हे शेवटी ठरवा

छपराचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "कौले घालायची की पत्रा?" त्याआधी दोन मोजमापे घ्यायला हवीत. ती न घेता रंग आणि भाव पाहून घेतलेले छप्पर पहिल्याच मोठ्या पावसात गळताना मी पाहिले आहे. तेव्हा माल कितीही चांगला असला तरी काही उपयोग होत नाही.

१. उतार मोजा. एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्या. तिचे एक टोक वाशावर टेकवा आणि दुसरे टोक उताराच्या दिशेला करून पाणसळीने पट्टी आडवी धरा. मोकळ्या टोकापासून सरळ खाली वाशापर्यंतचे अंतर मोजा. ते १८ सेंटिमीटर भरले तर उतार १० अंशांचा, ३६ भरले तर २० अंशांचा आणि ५८ भरले तर ३० अंशांचा.

कौलांना साधारण ३० अंशांचा उतार मानवतो. खाचेत बसणारी कौले थोड्या कमी उतारावरही चालतात. कौले एकमेकांवर नुसती टेकलेली असतात. उतार कमी पडला की पाणी रेंगाळते आणि वारा ते उलटे रेटून सांध्यातून आत घालतो. आढ्यापासून वळचणीपर्यंत अखंड जाणारा पत्रा १० अंशांवर, काही प्रकारचा तर त्याहूनही कमी उतारावर चालतो. माथा सपाटच हवा असेल तर स्लॅब आणि चांगले वॉटरप्रूफिंग करा. पण स्लॅबलाही मीटरमागे निदान एक सेंटिमीटर ढाळ हवाच, नाहीतर पाणी साचते.

२. वजनाचा हिशेब करा. दहा सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीट स्लॅबचे वजन चौरस मीटरला सुमारे २५० किलो भरते. मातीच्या कौलांचे ४०-५० किलो धरा, तर अर्धा मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे जेमतेम ४-५ किलो. म्हणजे ६० चौरस मीटरच्या छपरावर कौलांचा भार अडीच-तीन टन होतो आणि पत्र्याचा तीनशे किलोच्या आत राहतो. पत्र्यासाठी उभारलेल्या सांगाड्यावर अभियंत्याला दाखवल्याशिवाय कौले चढवू नका.

उलट बदलातही धोका असतो, आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. जड कौले वाऱ्याला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. हलक्या पत्र्याला मात्र वारा वरून जाताना चक्क वर खेचतो, सर्वात जास्त कडांना आणि कोपऱ्यांना. म्हणून कौले काढून पत्रा घालताना सांगाडा भिंतीला पक्का बांधून घ्या आणि कडेचे स्क्रू जवळजवळ मारायला सांगा.

३. हवा पाहा. ऊन कडक असेल तर पत्रा फिकट रंगाचा घ्या. खाली उष्णतारोधक थर आणि हवा खेळायला जागा ठेवा. पत्र्यावर पावसाचा आवाजही मोठा होतो, तोही त्या थराने कमी होतो. समुद्र जवळ असेल तर खारा वारा पत्र्याच्या कापलेल्या कडांपासून गंज सुरू करतो. तिथे ॲल्युमिनियम किंवा कौले बरी. घरावर झाडाच्या फांद्या येत असतील तर कौले फुटणार, हे धरून चाला.

जुने सिमेंटचे पत्रे काढायचे असतील तर थांबा. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याच्या तंतूंमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो. ते फोडू नका, कापू नका, त्यांना भोके पाडू नका. हे काम जाणणाऱ्या माणसांकडूनच करून घ्या.

४. माल तपासा. कौल टिचकीने वाजवा. खणखणीत वाजले तर ते नीट भाजलेले आहे, बद्द वाजले तर कच्चे किंवा तडकलेले. दोन-चार कोरडी कौले तोलून रात्रंदिवस पाण्यात ठेवा आणि पुन्हा तोला. मूळ वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त पाणी प्यायली तर तो माल नको. शंभरामागे पाच कौले जादा घेऊन ठेवा, पुढे त्याच साच्याची मिळतीलच असे नाही.

पत्रा घेताना रंगाशिवायची जाडी विचारा. चौरस मीटरला जस्ताचा मुलामा किती ग्रॅम आहे, तेही बिलावर लिहून घ्या.

५. सांध्यांचे काम समोर उभे राहून करून घ्या. गळती बहुतेक वेळा पत्र्यातून होत नाही, स्क्रूच्या भोकातून होते. रबरी वॉशर नीट बसेल इतकेच आवळायचे. जास्त आवळला की तो चिरडतो आणि काही दिवसांत चिरतो. सहा मीटरचा पोलादी पत्रा तापमानात ४० अंशांचा फरक पडला की जवळजवळ तीन मिलिमीटर लांबतो किंवा आखडतो, त्यामुळे सैल स्क्रूचे भोक हळूहळू रुंद होत जाते.

शेवटचे पैसे देण्याआधी पाइपाने पाणी मारून पाहा. वळचणीपासून सुरू करून आढ्याकडे जा, प्रत्येक सांध्यावर काही मिनिटे थांबा आणि आत एक माणूस बॅटरी घेऊन उभा ठेवा. वरून एकदम पाणी सोडले तर छप्पर गळते एवढेच समजते, कुठला सांधा गळतो ते समजत नाही.