जेसीबी बोलवायच्या आधी गाळ मोजा
गावतळं बेशरम अन् पाणकणसाच्या तणानं भरलंय म्हणून लगेच जेसीबी लावू नका. फुटाच्या खुणा केलेली लांब सळई पाण्यात सोडा, मऊ लागलं तिथं गाळाचा माथा, मग दाबत जा, कडक लागलं की जुना तळ, मधलं अंतर म्हणजे गाळाची जाडी. ओढ्याच्या तोंडाशी, मधी, पाळीजवळ सगळीकडं बघा, गाळ सारखा बसत नसतो. एकट्यानं मात्र अजिबात उतरू नका!! सरासरी जाडी गुणिले क्षेत्रफळ, सगळं फुटात, भागिले 100 म्हणजे किती ब्रास गाळ ते कळतं (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). काळा, वास मारणारा कुजका थर वेगळा लिहा, तो शेतात टाकायच्या आधी नीट वाळवा. अन् तळाचा चिकट थर फोडू नका, साठवण तळ्यात पाणी त्याच्यावरच थांबतं.