नट आवळण्याआधी पॅनेल बसू द्या

कोव्हेंट्रीच्या घरामागच्या, जेमतेम एक गाडी मावेल अशा गॅरेजात मी किट कार, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडायची गाडी, बांधली. लोटस सेव्हन या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या घाटाची, दोन सीटांची, बिनछपराची. मूळ सेव्हन 1957 ची. 1973 पासून ती केटरहॅम या कंपनीने बनवायला घेतली, आणि त्याच वळणाची किट आज ब्रिटनमध्ये बरेच जण विकतात. अंगाचे सपाट पत्रे ॲल्युमिनियमचे, पण नाक आणि चारही मडगार्ड फायबरग्लासचे. इंजिन बसवताना जितका घाम आला नाही, तितका या पाच तुकड्यांनी काढला.

वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ चालवायचे, त्यामुळे मापाचा काटेकोरपणा माझ्या हातात होताच. पण फायबरग्लासचं पॅनेल हे साच्यात हाताने मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) आणि रेझिन (घट्ट होणारी राळ) थापून केलेलं असतं. एका जागी जाडी दोन मिलिमीटर, वीतभर पलीकडे चार. डावं मडगार्ड हे उजव्याचं तंतोतंत उलटं रूप नसतं. म्हणून एका बाजूची भोकं मोजून दुसऱ्या बाजूला उतरवू नका. दोन्ही बाजू चासीवरून वेगवेगळ्या मापा.

पॅनेल घरी आलं की आधी कोमट साबणाच्या पाण्याने धुवा. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं मेण पृष्ठभागावर राहिलेलं असतं; न धुता पॉलिश पेपर मारला तर ते ओरखड्यांत जाऊन बसतं आणि पुढे रंग धरत नाही. मग काही आठवडे पॅनेल नुसतं ठेवा, पण आपल्या आकारात, टेकू देऊन. ताजं रेझिन अजून आकसत असतं. भिंतीला तिरकं टेकवून ठेवलंत तर तसंच वाकडं होईल.

आता बसवणं. चासीच्या मध्यावर पुढून मागे दोरी ताणा, ओळंबा सोडा, आणि नाकाचा मध्य त्या रेषेवर आणा. डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका. गॅरेजची फरशी उतरती असते आणि डोळा फरशीला फसतो. नाक एकटं बसवायचं नाही. बॉनेट वर ठेवूनच बसवायचं, कारण बॉनेटची पुढची कड नाकावर टेकते. इंजिन सुरू झालं की सगळंच थरथरतं, म्हणून दोघांत तीन-चार मिलिमीटरची फट मी राखली. फटीत पुठ्ठ्याचे सारखे तुकडे अडकवून, मास्किंग टेपने सगळं जागच्या जागी बांधून, एक रात्र तसंच सोडलं. सकाळी पुन्हा पाहिलं तर डावीकडे फट वाढलेली. हे भोक पाडण्याआधी कळलं याचं आजही समाधान वाटतं.

जिथे पॅनेल टेकत नाही तिथे बोल्टने ओढून टेकवायचं नाही. माझं सगळं सांगणं या एका वाक्यात आहे. मी मागच्या उजव्या मडगार्डला हेच केलं. वरच्या बाजूला बोटाएवढी पोकळी होती, ती मी एम6 (सहा मिलिमीटर जाडीचा) बोल्ट करकचून आवळून मिटवली. त्या दिवशी सुंदर दिसलं. हिवाळा सरला तेव्हा बोल्टभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे उमटले होते. जेलकोट हा वरचा चकचकीत थर कडक असतो. आतलं मॅट वाकतं, तो फुटतो. दुरुस्तीला तडे मुळापर्यंत खरवडून काढले, मागून मॅटचे दोन थर दिले, मग जेलकोट भरला. साधा जेलकोट उघड्या हवेत चिकटच राहतो, त्यामुळे वरून प्लॅस्टिकचा कागद लावावा लागतो. तीन शनिवार गेले. पोकळी असेल तर अडणारी कड कानशीने घासा, नाहीतर मध्ये रबराची चकती द्या.

भोक पाडायच्या जागी मास्किंग टेप लावा, मागे लाकडाचा तुकडा धरा. ड्रिल आधी उलटं फिरवून जेलकोट कोरा, मग सुलटं करून हलक्या हाताने आरपार जा. एम6 बोल्टला मी आठ मिलिमीटरचं भोक ठेवते, कारण उन्हात पॅनेल फुगतं आणि त्याला हलायला जागा लागते. भोकाची कड जराशी उतरती करा. मागून मोठा रुंद वॉशर, पुढून रबराचा, आणि नायलॉनची कडी असलेला नट. आवळताना मधल्या बोल्टपासून कडांकडे जा. रबर दबायला लागलं की थांबा. मागच्या मडगार्ड आणि पत्र्याच्या मध्ये रबराची गोट घालायला विसरू नका, नाहीतर पत्रा घासून निघतो.

कड कापताना बारीक दातांचं पातं वापरा. घासताना कानस नेहमी जेलकोटकडून आतल्या मॅटकडे ढकला. उलट ओढली की कपच्या उडतात. रस्त्यावर नोंदणीआधी इथे आयव्हीए नावाची तपासणी असते. तिथे 100 मिलिमीटरचा गोळा टेकू शकेल अशा बाहेरच्या कडांची गोलाई किमान 2.5 मिलिमीटर लागते, म्हणून कडा आत्ताच गोल करून टाका.

पुढची मडगार्ड चाकाबरोबर वर-खाली होणाऱ्या लोखंडी कंसावर बसतात. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून आणि चाक जॅकने पूर्ण वर उचलूनच त्यांची जागा ठरवा. एकट्याने जमणार नाही. स्टिअरिंगवर माझा नवरा होता, मी खाली टॉर्च घेऊन.

धुळीचं मनावर घ्या. चांगला मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे. काम झालं की आधी गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने खाज वाढते. ते कपडे घरच्या इतर कपड्यांत धुवायला टाकू नका. एकदा टाकले, आणि लेकीच्या शाळेच्या स्वेटरपर्यंत काचेची कुसळं पोहोचली.

फायबरग्लासमधून वीज वाहत नाही, तेव्हा मडगार्डवरच्या प्रत्येक दिव्याला चासीपर्यंत वेगळी अर्थिंगची तार न्या. सगळं झाल्यावर प्रत्येक नटावर रंगाची एक रेघ ओढा. पहिल्या शंभर मैलांनंतर टॉर्च घेऊन गाडीखाली जा. ज्या नटाची रेघ सरकलेली दिसेल, तिथलं रबर आधी तपासा, मगच पाना लावा.