झांग वेइलीच्या हरलेल्या लढती आधी बघा

एमएमएमध्ये, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती आणि जमिनीवरच्या पकडी सगळं चालणाऱ्या मिश्र मार्शल आर्टमध्ये, उतरायचं म्हणणारी बरीच मुलंमुली झांग वेइलीचा एकच व्हिडिओ पाहून आलेली असतात. ३१ ऑगस्ट २०१९, शेनझेन, समोर तेव्हाची विजेती जेसिका आंद्राद आणि ४२ सेकंदांत खेळ खलास. यूएफसी या एमएमएतल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचा पट्टा, म्हणजे विजेतेपद, पहिल्यांदा एका चिनी खेळाडूच्या कमरेला लागला तो त्या रात्री. व्हिडिओ बघायला भारी आहे, पण नवख्याला त्यातून फारसं हाती लागत नाही. शिकायचं असेल तर तिच्या पराभवांपासून सुरुवात करावी. नोव्हेंबर २०२५पर्यंत तिच्या नावावर २६ विजय आणि ४ पराभव आहेत, आणि चारही वेळा काय कमी पडलं ते बोट ठेवून दाखवता येतं.

ती हबेई प्रांतातल्या हान्दानची. कोळसा आणि पोलादाचं शहर, वडील खाणकामगार. बाराव्या वर्षाच्या सुमारास मार्शल आर्टच्या निवासी शाळेत दाखल, तिथून सान्दा, तिथून प्रांताचा संघ. सतराव्या वर्षी पाठीच्या दुखापतीनं तो रस्ता बंद झाला. चीनमधल्या या व्यवस्थेत संघात आहात तोवर राहणं, जेवण, प्रशिक्षक सगळं मिळतं. संघ सुटला की एका दिवसात काहीच उरत नाही. मग बीजिंगमध्ये बालवाडीत शिकवणं, अंगरक्षकाचं काम, हॉटेलात काउंटरवर बसणं आणि शेवटी एका जिममध्ये नोकरी. एमएमएची आणि जिउजित्सूची, म्हणजे जमिनीवर पकडी घालून हार मानायला लावण्याच्या कलेची, ओळख तिथं झाली. पुढे त्साय श्वेजुन या प्रशिक्षकाच्या ब्लॅक टायगर क्लबात तिची खरी घडण झाली.

सान्दा म्हणजे काय हे आपल्याकडे वुशू खेळलेल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडक्यात. ठोसे, लाथा आणि उभ्यानं पाडणं. दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्या, तीनपैकी दोन जिंकल्या की निकाल. समोरच्याची लाथ हवेत पकडून त्याला आडवं करणं ही सान्दाची खास कला. पण माणूस पडला की पंच थांबवतो, दोघं पुन्हा उभे. जमिनीवर काय करायचं हा प्रश्नच तिथं येत नाही. एमएमएत मात्र फेरी पाच मिनिटांची, मध्ये एक मिनिट विश्रांती, साध्या लढतीला तीन फेऱ्या आणि किताबाच्या लढतीला पाच. पडल्यावर कोणी उठवायला येत नाही.

पहिला पराभव याच अंतरातला. नोव्हेंबर २०१३ला व्यावसायिक पदार्पणात मंग बो या खेळाडूकडून ती गुणांवर हरली. त्यानंतर सलग २१ विजय. या मधल्या वर्षांचे व्हिडिओ कोणी फारसे बघत नाही, पण नवख्यानं नेमके तेच बघावेत: पाडल्यावर ती थांबत नाही, वरून दाबून धरते, कोपर घालते, हात मोकळा दिसला की मोडायला घेते. नोव्हेंबर २०१८मध्ये बीजिंगला जेसिका अॅग्विलरला तिनं पहिल्याच फेरीत हात अडकवून हार मानायला लावली. सान्दातून आलेली मुलगी आर्मबारवर लढत संपवते, यात पाच वर्षांचा मॅटवरचा सराव आहे.

आता आखाड्यातून येणाऱ्यांसाठी जरा सविस्तर, कारण महाराष्ट्रातून या खेळाकडे वळणाऱ्यांत कुस्तीची पोरं पुष्कळ. पट काढणं, टांग लावणं, बगलेतून मागे जाणं हे सगळं इथं सोन्याच्या भावाचं आहे. अडचण कुस्तीतल्या सर्वांत खोल सवयीची होते. कुस्तीत पाठ लागली की कुस्ती गेली, म्हणून खाली आलेला पैलवान विचार न करता पोटावर वळतो आणि अंग चोरून घट्ट बसतो. एमएमएत ही सर्वांत वाईट जागा. समोरचा पाठीवर चढतो, दोन्ही टाचा तुमच्या मांड्यांच्या आत अडकवतो, एक हात गळ्याखालून घालून कोपराचा खळगा बरोबर हनुवटीखाली आणतो, त्याच हाताचा पंजा आपल्याच दुसऱ्या दंडावर ठेवतो आणि आवळतो. श्वास नव्हे, मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. नीट बसला तर दहा सेकंदही लागत नाहीत.

सुटका कशी? आधी गळ्याकडे येणारा हात दोन्ही हातांनी धरा. नुसती हनुवटी दाबून धरल्यानं भागत नाही, जबड्यावरूनही आवळता येतं. मग खाली सरका आणि खांदे जमिनीला टेकवा. होय, पाठ लावायची. जे टाळायला पैलवान दहा वर्षं शिकला तेच इथं वाचवतं, आणि म्हणूनच ते अंगात यायला सहा महिने सहज जातात. रोज सरावाच्या शेवटी दहा मिनिटं जोडीदाराला पाठीवर बसवूनच सुरुवात करावी. टॅप करायला, म्हणजे हातानं थोपटून हार मानायला, लाजू नका. 'मी अजून धरलं असतं' म्हणणारे पहिल्या वर्षी मान आणि कोपर दोन्ही दुखवून घेतात. दुसरी चूक पट काढतानाची: डोकं समोरच्याच्या शरीराबाहेर खाली राहिलं की मान त्याच्या काखेत जाते. याला गिलोटिन म्हणतात. नोव्हेंबर २०१७मध्ये शांघायला यूएफसीत उतरणारा पहिला भारतीय म्हणून महाराष्ट्राचा भारत खंडारे सोंग यादोंग या चिनी पोरासमोर उभा राहिला आणि पहिल्याच फेरीत याच गिलोटिनवर लढत गेली. सोंग तेव्हा वीस वर्षांचाही नव्हता. तोही लहानपणापासून चीनच्या मार्शल आर्ट शाळांत वाढलेला.

त्या ४२ सेकंदांकडे परत येऊ. आंद्राद बुटकी, ताकदवान, डोकं खाली घालून सरळ अंगावर येणारी. झांगनं मागे पळण्याऐवजी तिची मान धरली आणि अंतर मिटल्या क्षणी कोपर आणि गुडघे घातले. डोकं खाली घालून येणाऱ्याला गुडघा लागतो, यात गूढ काही नाही. जिममध्ये हे करून बघणार असाल तर गुडघ्याला पॅड आणि समोर कवच घेऊनच. कोपर तर स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, घालूच नये, कपाळाची कातडी फाटली की टाके आणि महिनाभर घरी.

मार्च २०२०ची योआना येन्झेचिकविरुद्धची लढत ही गुणपद्धत समजून घ्यायला सर्वांत चांगली. चीनमध्ये साथ पसरल्यामुळे झांग आधी थायलंड, मग अबू धाबी असं करत लास वेगासला पोचली होती. पंचवीस मिनिटं दोघींनी एकमेकींना सोडलं नाही. योआनाचं कपाळ सुजून ओळखू येईना. निकाल ४८-४७, ४७-४८, ४८-४७. म्हणजे तीन परीक्षकांपैकी दोघांनी पाचपैकी तीन फेऱ्या झांगला दिल्या, तिसऱ्यानं उलट. फेरी जिंकणाऱ्याला १०, दुसऱ्याला सहसा ९. परीक्षक आधी बघतात माराचा आणि जमिनीवरच्या डावांचा परिणाम. तो अगदी सारखा वाटला तरच कोण पुढे येत होतं ते, आणि त्याहून पुढे पिंजऱ्याचा, म्हणजे जाळीच्या आखाड्याचा, ताबा कोणाकडे होता ते. नुसतं पाडून वर बसून राहिलं की फेरी आपली, हा समज आखाड्यातून येणाऱ्यांना महागात पडतो.

दुसरा पराभव एप्रिल २०२१चा. रोझ नामायुनासची डाव्या पायाची लाथ डोक्यावर, लढत सुरू होऊन ७८ सेकंद. सान्दा-वुशूवाल्यांनी ही फेरी दहा वेळा बघावी. लाथ पकडायला हात खाली नेण्याची सवय असेल तर खालची लाथ दाखवून वरची घालणारा कधीतरी भेटतोच. यावर साधा सराव आहे: जोडीदारानं हळू वेगात पायावर, बरगड्यांवर आणि डोक्यावर कुठेही लाथ टाकायची, तुम्ही पकडायची नाही, फक्त पुढचा हात कानशिलाला चिकटवून अडवायची. तीन-तीन मिनिटांच्या चार फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. आणि डोक्यावर मार बसून शुद्ध हरपली असेल तर किमान महिनाभर डोक्याला धक्का लागणारं काहीही नाही, डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय स्पारिंग नाही. दुसऱ्या आठवड्यात 'आता बरं वाटतंय' म्हणून हातमोजे घालणारे पुढे वर्षभर डोकेदुखी घेऊन फिरतात.

त्यानंतर झांग अॅरिझोनात हेन्री सेहुदोकडे गेली. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीचं सुवर्ण जिंकलेला हा माणूस. नोव्हेंबर २०२१ला न्यूयॉर्कमध्ये रोझशी पुन्हा गाठ पडली तेव्हा झांगनं पाडण्यावर भर दिला, तरी दोन विरुद्ध एक अशा निकालानं हरली. शेवटच्या फेरीत रोझ तिच्याच अंगावर बसलेली होती. सात महिन्यांत कुस्ती अंगात भिनत नाही, हे या लढतीत उघड दिसतं. पण झांग आणि सेहुदोनं कुस्तीचा सराव सोडला नाही, आणि फळ वर्षभरानं आलं. जून २०२२ला सिंगापूरमध्ये योआनाला गिरकी घेऊन उलट्या मुठीनं आडवं केलं, आणि नोव्हेंबरमध्ये कार्ला एस्पार्झाकडून पट्टा परत घेतला. एस्पार्झा मुळात कुस्तीतली. तिला झांगनं दुसऱ्या फेरीत मागून गळा आवळून संपवलं, वर वर्णन केलेल्याच पकडीनं. ऑगस्ट २०२३ला बोस्टनमध्ये अमांडा लेमोसवर तिचे २९६ फटके लागले, लेमोसचे २९. एप्रिल २०२४ला यान शियाओनानविरुद्ध, म्हणजे दोन चिनी खेळाडूंमधल्या यूएफसीच्या पहिल्या किताबी लढतीत, पहिल्याच फेरीच्या शेवटी तोच फास लागला होता. यानला घंटेनं वाचवलं. फेब्रुवारी २०२५ला सिडनीत तात्याना सुआरेझ या कसलेल्या कुस्तीगीरनं सुरुवातीला पाडलं, झांग उठली आणि उरलेली लढत तिनं खेचून घेतली. २०१३मधली झांग तिथून उठली नसती.

मार्ग विचारणाऱ्यांसाठी: शांघायमध्ये २०१९पासून यूएफसीचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि २०२२पासून 'रोड टू यूएफसी' ही आशियातल्या खेळाडूंची बाद फेरीची स्पर्धा चालते, वजनगटात आठ जण, तीन लढती जिंकल्या की करार. भारताचा अंशुल जुबली तिथूनच यूएफसीत गेला. चीनची शी मिंगही, आणि ती पेशानं चिनी वैद्यकाची डॉक्टर आहे, तेव्हा नोकरी सोडून जिममध्ये राहायला जाण्याची घाई नको. पूजा तोमर वुशूतून आली आणि जून २०२४ला यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली, झांगच्याच ५२.२ किलो गटात. व्यावसायिक होण्याआधी हौशी लढती कराव्याच लागतात: तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, नडगीला पॅड, डोक्यावर कोपर बंद. सुरुवातीच्या सामानात १६ औंसाचे स्पारिंगचे मोजे, साडेचार मीटरच्या पट्ट्या, नडगीचे पॅड आणि दातांचं कवच एवढं पुरे. गरम पाण्यात बुडवून चावायचं ते कवच घेतलंत तर चावताना गालांनी आतून हवा ओढून ते दातांना बसवा; तोंड उघडलं तरी वरच्या दातांवरून पडता कामा नये. पडलं तर पुन्हा गरम करून बसवा. सैल कवच चावून धरण्यात निम्मा दम जातो.

चौथा पराभव वजनाचा. नोव्हेंबर २०२५मध्ये झांगनं ५२.२ किलोचा पट्टा सोडून ५६.७ किलोत वालेंतिना शेवचेंकोला गाठलं आणि पाचही फेऱ्या तिन्ही परीक्षकांकडून गमावल्या. इतरांना धरून दाबणारी झांग इथं स्वतः दाबली गेली. साडेचार किलोचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पकडीत आल्यावर समजतो.

नवखे याच्या उलट्या दिशेनं चुकतात. व्यावसायिक वजन कमी करतात म्हणून तेही आठवड्यात पाणी तोडून खालच्या गटात शिरायला बघतात. हिशेब करा: लढतीच्या आठवड्याच्या सुरुवातीला ५५ किलो असाल तर ५२.२ म्हणजे सुमारे पाच टक्के, आणि तेही जाणता प्रशिक्षक आणि डॉक्टर जवळ असतील तर. ५८ असाल तर दहा टक्के. तो गट तुमचा नाही. व्यावसायिकांचं वजन आदल्या दिवशी होतं, त्यांना पाणी भरायला चोवीस तास मिळतात: गेलेल्या प्रत्येक किलोमागे साधारण दीड लिटर, ओआरएस घालून, घोट घोट. हौशी स्पर्धेत वजन बरेचदा त्याच सकाळी होतं. शरीर सुकलेलं असताना डोक्याला बसलेला मार जास्त इजा करतो आणि दुसऱ्या फेरीत पोटऱ्यांत गोळे येतात. म्हणून पहिल्या तीन-चार हौशी लढती सकाळी उठल्यावर काट्यावर जे वजन दिसतं त्याच गटात खेळा.