चुन्याच्या निवळीने कार्बन डायऑक्साइड कसा ओळखावा

सोलापुरातल्या कुठल्याही पानटपरीवरचा ओला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. श्वासातला कार्बन डायऑक्साइड डोळ्यांनी पाहायला तेवढा पुरतो. उघड्या डबीत सुकलेला चुना घेऊ नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचे बरेचसे कॅल्शियम कार्बोनेट झालेले असते.

लिटरभर पाण्यात दोन चमचे चुना ढवळा, बाटली काठोकाठ भरून घट्ट झाकण लावा आणि रात्रभर ठेवा. बोअरचे जड पाणी टाळा, त्यातल्या बायकार्बोनेटवरच चुना खर्ची पडतो. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी उत्तम. लिटरला जेमतेम दीड ग्रॅम चुना विरघळतो, तोही गार पाण्यात जास्त. त्यामुळे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले तापलेले पाणी नको. सकाळी तळ न हलवता वरचे नितळ पाणी गाळून घ्या. हीच निवळी.

चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजते. चुन्याची पुडी दाबताना ती फुटून लहान मुलांना अशा इजा होतात, म्हणून पुडी त्यांच्या हाती देऊ नका. गेलाच, तर लिंबू, दूध, तूप काही न घालता लगेच वाहत्या पाण्याने किमान 20 मिनिटे डोळा धुवा आणि थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा.

आता चष्मा लावा. पेलाभर निवळीत नळी बुडवून हळू फुंका; ओढायचे मात्र नाही. बाहेरच्या हवेत हा वायू सुमारे 0.04 टक्के, उच्छ्वासात 4 टक्क्यांच्या आसपास. म्हणून थोड्याच वेळात न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट तयार होऊन पाणी दुधाळ होते.

जास्त वायू सोडल्यावर ते पुन्हा नितळ होते असे पाठ्यपुस्तकात असते, पण नुसत्या फुंकरीने ते नीट दिसत नाही. त्यासाठी निवळी चौपट पातळ करा. बाटलीत चमचाभर खायचा सोडा आणि लिंबाचा रस घालून त्यातून निघणारा वायू नळीने निवळीत सोडा. आधी दुधाळपणा येईल, मग विरघळणारे बायकार्बोनेट तयार होऊन तो जाईल. फेस नळीत चढू देऊ नका. त्यातले आम्ल दुधाळपणा घालवते आणि आपण फसतो.

भूल देण्याच्या यंत्रातही हाच चुना असतो. तिथल्या सोडा लाइमचे खडे मुख्यतः कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे. रुग्णाच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड ते शोषतात, आणि उरलेला वायू भुलीच्या औषधासह पुन्हा रुग्णाकडे जातो. खड्यांत रंगदर्शक मिसळलेला असतो. अनेक प्रकारांत पांढरे खडे जांभळे पडू लागले की ते बदलतात.