जुन्या बाजारातला फिल्म कॅमेरा: या चुका टाळा

बुधवारी-रविवारी पुण्यात मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात फिरलात तर एखादा याशिका किंवा आग्फा क्लिक थ्री हमखास हाताला लागतो. कॅमेरा स्वस्त असतो, फिल्म नाही. त्यामुळे भाव करण्याआधी पाच मिनिटं कॅमेऱ्यासाठी काढा.

शटर 'बी'वर (बटण दाबून ठेवू तोवर उघडं राहणारी जागा) ठेवून बटण दाबून धरा, मागचं झाकण उघडा आणि लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, कॅमेरा खाली ठेवा. धुळीच्या चार कणांनी काही बिघडत नाही. एक सेकंदाला शटर अडकतं पण १/१२५ सेकंदाला नीट चालतं, हे तर नेहमीचंच. ग्रीस वाळलेलं असतं. उन्हात फोटो काढणार असाल तर खुशाल घ्या.

सगळ्यात मोठी गफलत बॅटरीत होते. साठ-सत्तरच्या दशकांतल्या कॅमेऱ्यांचे उजेड मोजणारे बरेच मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालायचे. ती आता मिळत नाही, म्हणून लोक १.५ व्होल्टची अल्कलाइन घालतात. अनेक कॅमेऱ्यांत मग मीटरला उजेड आहे त्याहून जास्त वाटतो आणि फोटो काळपट येतात. ६२५ मापाचा सेल लागत असेल तर श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल घ्या. तो साधारण १.४ व्होल्ट देतो. आकाराने लहान असल्यामुळे भोवती रबरी रिंग बसवावी लागते, आणि वरचा कागद काढला की काही आठवड्यांतच संपतो. तरी चालेल.

याशिका इलेक्ट्रो ३५ असेल तर फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढताना आतून 'टक्' असा आवाज येतो का, ते ऐका. येत नसेल तर आतला रबरी तुकडा झिजलाय. दुरुस्ती होते, पण कॅमेरा खोलावा लागतो, तेव्हा भाव पाडून मागा.

रंगीत फोटोच्या कडेला तांबूस-नारिंगी पट्टा आला की आधी मागच्या झाकणाच्या खाचेतला फोम बघा. त्याचा चिकट काळा चिखल झालेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पण शटरच्या पडद्यावर थेंबही पडू देऊ नका. खाचेत तुळशीबागेतली काळी लोकर बसवली की काम भागतं.

क्लिक थ्रीला १२० चा रोल लागतो, ३५ मिलिमीटरचा नाही. फ्रेमचा आकडा दाखवणाऱ्या मागच्या लाल खिडकीवर काळी टेप लावा. रोल पुढे सरकवतानाच ती उचलायची, तीही सावलीत.

कातडी कव्हर पावसाळ्यात काढून टाका, ते ओल धरतं. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल पुरे.

रोल कोरा आला तर लगेच लॅबवाल्याशी भांडायला जाऊ नका. नेगेटिव्हच्या कडेला छापील आकडे दिसतायत का ते बघा. दिसत असतील तर धुलाई ठीक आहे, फिल्मवर उजेडच पडलेला नाही. बहुतेकदा रोल स्पूलवर (फिल्म गुंडाळणाऱ्या रिळावर) अडकलेलाच नसतो. लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची खुंटी फिरते का, ते पहिल्याच फ्रेमला पाहून घ्या. आकडेही गायब असतील, तर मात्र लॅबवाल्याला जरूर विचारा.