प्रियसचा चेक इंजिन दिवा जातो, पुन्हा येतो: गार गाडीवरच्या तपासणीची तयारी

२०१० ते २०१५ मधली, १.८ लिटर इंजिनाची टोयोटा प्रियस ही हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि मोठी बॅटरी दोन्हींवर चालणारी) गाडी अमेरिकेत सेकंडहँड घेणाऱ्यांत मराठी मंडळीही असतात, आणि लाखभर मैलांनंतर चेक इंजिनचा हा पिवळा दिवा त्यांच्या ओळखीचा होतो. कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, पुसला, चार दिवस बरे गेले, पुन्हा दिवा. या फेऱ्यात सापडला असाल तर यापुढे निदान होईपर्यंत कोड पुसू नका. कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे बिघाड पकडला गेला तेव्हा इंजिनाचं तापमान, आरपीएम आणि वेग काय होता त्याची नोंद. बारा व्होल्टची बॅटरी सोडवली तरी तेच होतं. दिवा आपणहून विझला म्हणून दुखणं गेलं असंही नाही. गाडी सुरू करून, चालवून बंद करण्याच्या सलग तीन खेपा ठीक गेल्या की तो विझतो. कोड त्यानंतरही इंजिन चाळीस वेळा गारचं गरम होईपर्यंत मेमरीत बसून असतो.

हे काम सकाळी, रात्रभर गार पडलेल्या गाडीवर करायचं, म्हणून सामान आदल्या दिवशीच जमवा. ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटात बसणारा, कोड फोनवर पाठवणारा छोटा जोड) आणि फोनवर डॉ. प्रियससारखं अ‍ॅप हवं. साधा स्कॅनर बहुधा फक्त इंजिनाचे कोड दाखवतो. हायब्रिड सिस्टिमचे कोड, त्यांच्यासोबतचा तीन आकडी उपकोड आणि बॅटरीच्या १४ ब्लॉकचे वेगवेगळे व्होल्ट त्यात दिसतीलच असं नाही. शिवाय मल्टिमीटर, टॉर्च, १० मिमीचा सॉकेट, फोनला जोडायचा बारीक बोरोस्कोप (नळीच्या टोकावरचा कॅमेरा), मास्किंग टेप, टोयोटाचं गुलाबी कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) आणि कूलंट प्रेशर टेस्टर (त्यात दाब भरून गळती शोधणारा हातपंप). टेस्टर विकत घेऊ नका, अमेरिकेतली सुट्या भागांची मोठी दुकानं डिपॉझिट ठेवून तो वापरायला देतात.

गाडी दुपारपासून सपाट जागी उभी असू द्या. संध्याकाळी, इंजिन पूर्ण गार असल्याची खात्री करून, कूलंटच्या टाकीवर पातळीपाशी टेपची खूण करा, टेस्टर बसवा आणि कूलंटच्या झाकणावर छापलेल्या दाबापर्यंतच पंप मारा. बॉनेटची कडी सैल करून ठेवा. त्यासाठी सकाळी दार उघडलं, तर गाडीतले कॉम्प्युटर जागे होतात आणि बॅटरीचा निवांत आकडा मिळत नाही. चावी घरात, गाडीपासून लांब. रेडी लागलेली (म्हणजे चालू, निघायला तयार असलेली) प्रियस गप्प उभी असते आणि इंजिन मनाला येईल तेव्हा सुरू करते, त्यामुळे बॉनेटमध्ये हात असताना ती बंदच हवी. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी वायरींना हात लावायचा नाही. बॅटरी पॅक सुमारे २०० व्होल्ट डीसीचा आहे. १००० व्होल्टचे हातमोजे नसतील, सर्व्हिस प्लग (बॅटरीचा प्रवाह तोडणारा खटका) काढून दहा मिनिटं थांबायची शिस्त नसेल, तर तो उघडणं तुमचं काम नाही.

सकाळी आधी मल्टिमीटर, बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्समधल्या लाल झाकणाच्या टर्मिनलवर. १२.६ व्होल्ट असेल तर छान, १२.२ च्या खाली असेल तर बाकीच्या कोडांवर लगेच विश्वास ठेवू नका, कारण मरायला टेकलेली छोटी बॅटरी भलभलत्या विभागांचे कोड उठवते. मग टेस्टरचा काटा बघा. रात्रीत दाब उतरला आणि बाहेर कुठे ओल नाही? इंजिन सुरू न करता ठिणगी देणाऱ्या कॉइल आणि प्लग काढून बोरोस्कोप सिलिंडरांत सोडा. एका पिस्टनच्या माथ्यावर ओल चमकत असेल, किंवा बाकीचे तीन काळे आणि तो एकच धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर कूलंट आत झिरपतंय: दोष हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलचा.

सकाळी सुरू होताना गाडी दगडांनी भरलेल्या डब्यासारखी खडखडते, पी०३०० ते पी०३०४ मधला मिसफायरचा (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्याचा) कोड येतो, फ्रीझ फ्रेममध्ये इंजिन गार दिसतं: हा या मॉडेलचा नेहमीचा नमुना. गॅस्केट ठीक निघाली तर कोडात आकडा आलेल्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावा. कोडाचा शेवटचा आकडा कॉइलसोबत सरकला तर कॉइलच दोषी. सरकला नाही तर ईजीआरकडे वळा, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेकडे. त्याचा कूलर काजळीने तुंबतो, इनटेक मॅनिफोल्डमधली (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधली) चार बारीक भोकं कमी-जास्त बुजतात आणि एखाद्या सिलिंडरला जास्त धूर जातो. ईजीआरचा प्रवाह अपुरा असल्याचा पी०४०१ सोबत असेल तर शंका नको. नुसता व्हॉल्व्ह पुसून भागत नाही. कूलर आणि मॅनिफोल्डही काढून धुवायचे, गॅस्केटं नवी घ्यायची. अर्धी सफाई केलेल्या गाड्यांचाच दिवा परत येतो.

पी०४२० आला तर गाडीखाली वाकून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) मूळचा आहे का बघा. प्रियसवर चोरांचा डोळा असतो आणि चोरीनंतर बसवलेल्या स्वस्त कन्व्हर्टरवर हा कोड वारंवार येतो. मोठ्या बॅटरीच्या पी०ए८० साठी चढावर जोर देताना १४ ब्लॉक बघा: दरवेळी तोच एक ब्लॉक इतरांपेक्षा व्होल्टभर खाली जात असेल तर पॅक थकलाय. मागच्या सीटशेजारची पंख्याची जाळी मात्र आधी साफ करा, कुत्र्याच्या केसांनी ती हमखास बुजते. इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला देणारा भाग) नीट गार होत नसल्याचा पी०ए९३ असेल तर गाडी रेडीत टाकून त्याच्या कूलंटच्या टाकीत टॉर्च मारा. कूलंट हलत नसेल तर पंप तपासा. गॅसकॅप (पेट्रोलच्या टाकीचं झाकण) क्लिक होईपर्यंत फिरवणं हे पेट्रोलच्या वाफेच्या गळतीच्या पी०४५५ साठी, मिसफायरसाठी नाही.

दिवा लुकलुकत असेल तर यातलं काहीही चालवत चालवत करू नका. तो कन्व्हर्टर जळण्याचा इशारा आहे, गाडी बाजूला घ्या.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसा, पण कॅलिफोर्नियात असाल तर स्मॉग चेकच्या (तिथल्या प्रदूषण तपासणीच्या) आदल्या दिवशी नको. पुसल्यावर सगळे मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या यंत्रणा तपासल्याच्या नोंदी, कोरे होतात आणि तिथे फक्त इव्हॅपचा (पेट्रोलच्या वाफेच्या यंत्रणेचा) अपुरा चालतो. बाकीचे भरायला काही दिवस गार सुरुवात, शहर आणि हायवे असं मिश्र चालवावं लागतं. तपासणीची वेळ घेण्याआधी ते पूर्ण झाले का हे त्याच डोंगलवर दिसतं.