सोलर बॅटरी चार्ज होताना अँपिअर बघायचे की वॅट?
आमच्याकडे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पावसात लाईट गेली की सोलरवरच भागवावं लागतं, म्हणून हे नीट समजून घ्या. पॅनलवर 100 वॅट लिहिलंय म्हणून बॅटरीत 100 वॅट जातातच असं नाही. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, आणि असं 12 व्होल्टच्या बॅटरीसाठीचं पॅनल कडक उन्हात साधारण 18 व्होल्टवर 5.5 अँपिअर देतं, पण कंट्रोलर (पॅनल नि बॅटरीच्या मधे बसून चार्जिंग सांभाळणारा डबा) साधा पीडब्ल्यूएम प्रकारचा असेल तर अँपिअर तेवढेच राहतात नि व्होल्टेज बॅटरीच्या 13 वर येतं, म्हणजे हातात 72 वॅटच. एमपीपीटी कंट्रोलर (जादा व्होल्टेजचे अँपिअर करून देणारा) असला तर 7 अँपिअरच्या आसपास मिळतात, पैसे असतील तर तोच घ्या.

मोजायला डीसी क्लॅम्प मीटर लागतो (फक्त एसीवाला चालत नाही), आधी झीरो करा आणि कंट्रोलरकडून बॅटरीकडे जाणाऱ्या एकाच वायरीभोवती लावा. मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना कधीच लावू नका, थेट शॉर्ट होतं!!

बॅटरीची क्षमता एएचमध्ये (अँपिअर-अवर, म्हणजे अँपिअर गुणिले तास) मोजतात म्हणून रोजचं चार्जिंग अँपिअरमध्ये बघणं सोपं, 12 आणि 24 व्होल्टच्या सिस्टीमची तुलना करायची तर मात्र वॅटच. आणि दुपारी 14.4 व्होल्टला अँपिअर उतरलेले दिसले तर घाबरू नका, लेड अॅसिड बॅटरी भरत आली की करंट कमीच घेते.